प्राणवायुन्यूनता आणि विचारक्रिया : मेंदूच्या मोजमापाचा प्रश्न

प्राणवायू न मिळाल्यास मनुष्य मरतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु मरणाच्या कितीतरी अगोदर, हृदय व श्वसन नीट चालू असताना आणि डोळे उघडे असताना, त्याची विचारशक्ती ढासळू लागते. आणि ती ढासळत आहे याची जाणीव त्याला स्वतःला बहुधा होत नाही, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. ज्या इंद्रियाने बिघाड ओळखावयाचा तेच इंद्रिय बिघडलेले असल्यामुळे येथे आत्मनिरीक्षणाच्या पुराव्यावर विसंबता येत नाही. मानसशास्त्राच्या इतर अनेक प्रश्नांत प्रयुक्त व्यक्तीचे निवेदन अपुरे असले तरी उपयोगी असते. येथे ते उलट दिशेने नेणारे असते. म्हणून मेंदूची साक्ष त्याच्या धन्याला न विचारता कशी काढावयाची, हा प्रश्न उपस्थित होतो. ती कशी काढतात, तिच्यातून आजवर काय हाती लागले आहे आणि अभ्यासकाची फसगत नेमकी कोठे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दिनांक १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचे वायुयान तीन प्रवाशांना घेऊन वर गेले. गास्ताँ तिसांदिए, क्रोचे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल हे ते तिघे. प्राणवायुमिश्रित हवेच्या पिशव्या त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. त्या पुरणार नाहीत असा इशारा देणारे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांचे पत्र त्यांना वेळेवर मिळाले नाही. यान ८,००० मीटरांच्या वर गेले. खाली आले तेव्हा क्रोचे-स्पिनेल्ली व सिव्हेल मृत झालेले होते. तिसांदिए वाचला, पण बहिरा झाला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की, त्या उंचीवर त्याला काहीही यातना झाल्या नाहीत. उलट एक प्रकारचा आंतरिक आनंद वाटत होता. प्राणवायूची नळी तोंडाशी न्यावी असे त्याच्या मनात आले, परंतु हात उचलेना, आणि त्याचे त्याला फारसे काही वाटलेही नाही. पॉल बेर यांनी पुढे १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कमी दाबाचे दुष्परिणाम मुख्यतः प्राणवायूच्या आंशिक दाबाच्या घटीमुळे होतात हे सिद्ध केले, आणि या विषयाचा पाया घातला गेला.

दुसरे उदाहरण प्रयोगशाळेतील आहे व अधिक बोलके आहे. जे. एस. हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे त्या काळातील सर्वश्रेष्ठ अभ्यासक. हिमालयाच्या उंचीवरील श्वसनाचा विचार करणारे ए. एम. केलास यांच्यासह ते एका पोलादी कोठडीत बसले आणि आतील दाब पाऱ्याच्या ३२० मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे सुमारे ६,७०० मीटर उंचीइतका, उतरविण्यात आला. हे प्रयोग १९१९ साली प्रसिद्ध झाले. बाहेरच्यांनी दाब वाढवावयाचा का असे विचारले की हॉल्डेन प्रत्येक वेळी तो ३२० वरच ठेवावा असे सांगत राहिले, आणि हे तासाहून अधिक काळ चालले. पुढे दाब थोडा वाढविल्यावर ओठांची निळाई पाहण्यासाठी त्यांनी आरसा हाती घेतला व बराच वेळ ते आरशाच्या मागच्या बाजूकडे पाहत राहिले. प्राणवायुन्यूनतेविषयी जगात ज्याला सर्वांत जास्त ठाऊक होते त्या मनुष्याची ही अवस्था. ज्ञान असणे आणि ते ज्ञान त्या क्षणी वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे. एकाच निर्णयाला चिकटून राहणे, ज्याला मानसशास्त्रात आवृत्तिदोष म्हणतात, हे या अवस्थेचे एक ठळक लक्षण आहे; त्याकडे आपण पुन्हा येऊ.

या गोष्टी जुन्या झाल्या असे कोणी म्हणेल, तर १४ ऑगस्ट २००५ ची घटना पाहावी. लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात हवेचा दाब राखणारी यंत्रणा नीट लावलेली नव्हती. धोक्याची सूचना वाजली. वैमानिकांनी तिचा अर्थ दुसराच लावला आणि जमिनीवरील अभियंत्याशी उपकरणांविषयी बोलत असतानाच त्यांची विचारशक्ती लोपत गेली. विमान आपोआप उडत राहिले व अखेर इंधन संपून कोसळले. १२१ जणांचा अंत झाला. वैमानिकांना प्रशिक्षण नव्हते असे नाही.

आता थोडा हिशेब मांडू. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो आणि हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. हे प्रमाण उंचीवर बदलत नाही. बदलतो तो एकंदर दाब. श्वासनलिकेत हवा बाष्पाने संपृक्त होते आणि त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर असतो. तो वजा करून प्राणवायूचा वाटा काढला तर तो समुद्रसपाटीवर सुमारे १४९ मिलिमीटर भरतो. लेह येथे, ३,५०० मीटरांवर, तो ९३ च्या आसपास असतो. ५,५०० मीटरांवर, जेथे हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो, तो ७० वर येतो. आणि एव्हरेस्टच्या शिखरावर, जेथे १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय मोहिमेत २५३ मिलिमीटर दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला, तो केवळ ४३ उरतो. बाष्पाचे ते ४७ मिलिमीटर उंचीबरोबर कमी होत नाहीत, ही गोष्ट विद्यार्थी बऱ्याचदा विसरतात. उंच शिखरावर हीच वजाबाकी फार महाग पडते.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पंचमांश एकटा मेंदू घेतो, आणि साठा म्हणून त्याच्याजवळ जवळपास काहीच नसते. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉसन, कॅबट व अँडरसन यांच्या प्रयोगांत मानेभोवती पट्टा आवळून मेंदूचा रक्तपुरवठा एकदम थांबविला असता सरासरी सात सेकंदांच्या आत शुद्ध हरपली, आणि त्याच वेळी विद्युत्-लेखात मोठ्या, मंद लहरी उमटल्या. त्या प्रयोगांत काही मनोरुग्णांचाही वापर झाला होता. आज असा प्रयोग कोणतीही समिती मान्य करणार नाही व करू नये. तथापि त्यातून मिळालेला आकडा पाठ्यपुस्तकांत कायम आहे, आणि तो वापरताना त्याचा उगम आपण विसरू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मग मनुष्याला गुदमरल्यासारखे का वाटत नाही? याचे कारण असे की, श्वास कोंडल्याची जी तीव्र वेदना आपण ओळखतो ती प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. उंचीवर तो साठत नाही. मानेतील ग्रीवा-रोहिणीच्या पिंडांना प्राणवायूची घट कळते (या पिंडांच्या कार्याबद्दल हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले), श्वसन वाढते आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइड उलट धुऊन निघतो. त्रास देणारा वायू कमी, आणि जीवनावश्यक वायूही कमी, अशी ही फसवी अवस्था आहे. २०२० व २०२१ सालच्या करोना साथीत रक्तातील संपृक्तता धोकादायक पातळीवर उतरलेली असतानाही शांतपणे बोलणारे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले. त्याच्या अनेक कारणांत हेही एक होते.

विद्युत्-लेखनाकडे वळू. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मस्तकावरून मेंदूचे विद्युत्-स्पंदन प्रथम टिपले व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. मानसिक क्रियेची भौतिक बाजू मोजता यावी हा त्यांचा ध्यास होता. त्यापूर्वी मेंदूतील रक्ताभिसरण व तापमान मोजूनही त्यांनी तो प्रयत्न केला होता. स्वस्थ, डोळे मिटलेल्या मनुष्यात सेकंदाला ८ ते १३ या कंप्रतेची जी आल्फा लहर दिसते ती बर्गर यांनीच वर्णिलेली. बर्गर यांच्या म्हणण्यावर प्रथम फारसा विश्वास ठेवला गेला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी दुजोरा दिल्यावर मात्र या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. थोड्याच वर्षांत प्राणवायू कमी केलेली हवा हुंगवून लेख घेण्याचे प्रयोग अमेरिकेत सुरू झाले.

या प्रयोगांतून जे चित्र उभे राहिले ते स्थूलमानाने असे : प्रारंभी आल्फा लहरींत थोडाफार चढउतार होतो, पुढे त्या क्षीण होतात; त्यांच्या जागी सेकंदाला चार ते सात अशा थीटा लहरी वाढू लागतात; आणि शुद्ध जाण्याच्या सुमारास सेकंदाला एक ते तीन अशा मोठ्या डेल्टा लहरी सर्वत्र पसरतात. मेंदूचा ताल मंदावतो, असे एका वाक्यात म्हणता येईल. प्राणवायू दिला की काही सेकंदांत लेख पूर्ववत होऊ लागतो.

हे चित्र आकर्षक आहे, आणि म्हणूनच त्यात धोका आहे. विद्युत्-लेखाच्या कोणत्याही चिकित्सालयात रुग्णाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यावयास सांगतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा वेळी हवेतील प्राणवायू मुळीच कमी झालेला नसतो. तरीही लेखात मंद लहरी येतात. कारण अतिश्वसनाने कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रोहिण्या आकुंचित होतात आणि रक्तपुरवठा कमी होतो. एका मिलिमीटरच्या घटीमागे रक्तप्रवाह साधारण तीन टक्क्यांनी उतरतो. आता उंचीवर गेलेला मनुष्य अतिश्वसनच करीत असतो. तेव्हा त्याच्या लेखातील मंद लहरी प्राणवायूच्या उणिवेमुळे आल्या, की कार्बन डायऑक्साइडच्या उणिवेमुळे? दोन्ही कारणे एकाच वेळी काम करीत असताना केवळ लेख पाहून हे ठरविता येत नाही. त्यासाठी श्वासाच्या हवेत मोजून थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळावा लागतो, म्हणजे एक कारण स्थिर राहून दुसऱ्याचा परिणाम दिसतो. ही खबरदारी न घेता काढलेले निष्कर्ष आजही वाचावयास मिळतात. एखाद्या शोधनिबंधात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे आकडे दिलेले नसतील, तर त्यातील लहरींविषयीचे सर्व विवेचन हात राखूनच स्वीकारावे.

दुसरी अडचण अधिक तात्त्विक आहे. लहरी मंदावल्या म्हणजे विचार मंदावला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु झोपाळू मनुष्याच्याही लहरी मंदावतात, आणि कंटाळलेल्याच्याही. लहर ही मेंदूच्या सर्वसाधारण अवस्थेची खूण आहे, एखाद्या विशिष्ट विचारक्रियेची नव्हे. समोरचा दिवा ओळखावयास उशीर लागला, की तो ओळखल्यावर कोणते बटण दाबावयाचे हे ठरविण्यास, की बोट हलविण्यास? प्रतिक्रियाकाल मोजला तर या तिन्हींची बेरीज मिळते, तिचे भाग मिळत नाहीत. मानसशास्त्राला हवे आहेत ते भाग.

ते मिळविण्याची वाट घटनासंबद्ध विभवांनी दाखविली. कल्पना साधी आहे. एखादा ध्वनी ऐकविला असता मेंदूत जो विद्युत्-प्रतिसाद उमटतो तो काही मायक्रोव्होल्ट इतका लहान असतो आणि मेंदूच्या इतर स्पंदनांच्या गलबल्यात बुडून जातो. परंतु तोच ध्वनी शंभर वेळा ऐकवून, प्रत्येक वेळी ध्वनीच्या क्षणापासून घेतलेले लेख एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली, तर ध्वनीशी संबंध नसलेली स्पंदने एकमेकांस मारून टाकतात (शंभर लेखांत त्यांचा अडथळा दशांशावर येतो) आणि प्रतिसाद वर तरंगून येतो. पंढरीच्या वारीत हजारो कंठ निरनिराळे बोलत असताना टाळांचा ठेका मात्र दुरूनही ऐकू येतो, तसेच हे आहे. ठेका सर्वांचा एका क्षणी पडतो म्हणून.

या प्रतिसादातील जो धन दिशेचा मोठा उठाव उद्दीपनानंतर सुमारे ३०० सहस्रांश सेकंदांनी येतो त्यास पी-३०० म्हणतात. १९६५ साली सॅम्युअल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम वर्णिला. एकसारख्या ध्वनींच्या मालिकेत मधूनच वेगळा ध्वनी आला आणि प्रयुक्त व्यक्तीने तो मोजावयाचा असला, म्हणजे हा उठाव स्पष्ट दिसतो. उद्दीपन कोणत्या वर्गातले आहे हे मेंदूने ठरविल्याची ती खूण मानली जाते. बोट हलण्याच्या क्रियेवर तिची वेळ फारशी अवलंबून नसते. म्हणजे प्रतिक्रियाकालाच्या बेरजेतील एक टप्पा येथे आपल्याला स्वतंत्रपणे वाचता येतो.

कॅनडातील बॅरी फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत नेमके हेच केले. कमी प्राणवायूची हवा हुंगविताना त्यांनी प्रतिक्रियाकाल व पी-३०० ची वेळ दोन्ही मोजली. प्रतिक्रियाकाल लांबला तेव्हा पी-३०० ही लांबली. याचा अर्थ असा की विलंबाचा मोठा वाटा उद्दीपन ओळखण्याच्या व त्याचे मूल्यमापन करण्याच्या टप्प्यापर्यंतच पडून गेलेला असतो. बोटांच्या स्नायूंवर त्याचे खापर फोडता येत नाही. दृष्टीच्या बाबतीत हे पटण्याजोगे आहे. नेत्रपटल हे शरीरातील प्राणवायूस अत्यंत हपापलेल्या ऊतकांपैकी एक असून अंधारातील दृष्टी सुमारे दीड हजार मीटरांपासूनच मंदावू लागते, हे रॉस मॅकफार्लंड यांच्या काळापासून ज्ञात आहे. मॅकफार्लंड यांनी १९३५ च्या चिलीमधील आंतरराष्ट्रीय मोहिमेत मानसशास्त्रीय कसोट्या उंच छावण्यांवर नेऊन पाहिल्या होत्या. विद्युत्-लेखनाचे साधन त्या काळी डोंगरावर नेण्याजोगे नव्हते.

येथे एक शंका घ्यावयास हवी. पी-३०० चांगली उमटण्यासाठी व्यक्तीने लक्ष द्यावे लागते. प्राणवायू कमी झाल्यावर तिचे लक्षच उडाले, तर उठाव खुजा होईल. आणि ते संवेदन मंदावल्यामुळे झाले असे आपण चुकीने म्हणू. या अडचणीतून सुटण्यासाठी लक्ष न देताही उमटणारा प्रतिसाद उपयोगी पडतो. फिनलंडच्या रिस्टो नाटानेन यांनी १९७८ साली दाखविले की, मनुष्य दुसरेच काही वाचीत किंवा पाहत असतानाही ध्वनिमालिकेतील अनपेक्षित बदल त्याचा मेंदू टिपतो आणि एक ऋण दिशेचा प्रतिसाद देतो. अलीकडे अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी याच प्रकारचे ध्वनी ऐकवून प्राणवायुन्यूनतेचा अभ्यास केला आहे. त्यामागील उद्देश व्यावहारिक आहे : वैमानिकाचे काम न थांबविता, त्याच्या कानात अधूनमधून टिकटिक करून, त्याचा मेंदू अजून ठिकाणावर आहे किंवा नाही हे कळावे.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत बसविल्यानंतर १९४८ साली निरोगी तरुणांना १० टक्के प्राणवायूची हवा हुंगविली. हे साधारण ५,५०० मीटर उंचीइतके झाले. मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३५ टक्क्यांनी वाढला, आणि मेंदूने वापरलेला एकंदर प्राणवायू मात्र बदलला नाही. म्हणजे तिजोरीत आवक कमी झाली, पण खर्चात काटछाट झाली नाही. रक्ताने पुरवठा भरून काढला. पुढे स्वीडनमधील बो सीसजो यांच्या प्राण्यांवरील कामातूनही दिसले की, मेंदूतील ऊर्जावाहक द्रव्याचा, म्हणजे एटीपीचा, साठा बऱ्याच तीव्र न्यूनतेपर्यंत टिकून राहतो. मग एकंदर व्यय तोच, ऊर्जा तीच, तरी विचार का बिघडतो? केवळ 'इंधन संपले' या उपमेने हे उलगडत नाही, आणि या विषयावरील लोकप्रिय लेखनात नेमकी हीच उपमा वारंवार येते.

उत्तराचा एक भाग मज्जापेशींमधील निरोप वाहणाऱ्या रसायनांत असावा. १९७० नंतरच्या दशकात गॅरी गिब्सन व जॉन ब्लास यांनी उंदरांच्या मेंदूत दाखविले की, ऊर्जेचा साठा शाबूत असतानाही सौम्य न्यूनतेत ॲसिटिलकोलीनची निर्मिती घटते. आणि अवधान व स्मृती यांच्याशी या रसायनाचा निकट संबंध आहे. त्याचप्रमाणे डोपामीन व सेरोटोनिन यांच्या निर्मितीतील पहिल्या पायरीवरील विकरांना प्राणवायूचा रेणू प्रत्यक्ष कच्चा माल म्हणून लागतो. या वापरास मेंदूच्या एकंदर प्राणवायूव्ययातील फारच थोडा अंश लागतो, त्यामुळे तो कमी झाला तरी केटींच्या मोजणीत दिसणार नाही. गिरणीची वीज चालू आहे, पण सूत कमी पडले, अशी काहीशी ही स्थिती. प्राण्यांवरून माणसाकडे येताना सावधगिरी हवी हे खरे. तरीपण लहरी, विभव आणि रसायने या तिन्ही बाजूंनी मिळणारी दिशा एकच आहे : प्रथम ढासळते ती जागरूकता व नवी माहिती हाताळण्याची क्षमता. सरावाने अंगवळणी पडलेली क्रिया बराच काळ टिकते. हॉल्डेन यांना 'तीनशेवीस' हा जुना निर्णय उच्चारता येत होता. परिस्थिती बदलल्यावर तो बदलता येत नव्हता.

या संदर्भात डेनिसन, लेडविथ व पोल्टन यांचे १९६६ चे प्रयोग उद्बोधक आहेत. प्रवासी विमानाच्या आतील दाब साधारणतः ८,००० फुटांच्या, म्हणजे २,४०० मीटरांच्या, उंचीहून कमी होऊ देत नाहीत. त्या दाबाखाली एक अवघड कसोटी नव्याने शिकणाऱ्यांचा प्रतिक्रियाकाल अधिक होता. कसोटी अंगवळणी पडल्यावर हा फरक नाहीसा झाला. फाउलर यांनी पुढे या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि इतक्या कमी उंचीवर परिणाम दिसतो हे त्यांना मान्य झाले नाही. वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पण यातून पद्धतीविषयीचा एक धडा मिळतो. एकाच व्यक्तीला आधी सपाटीवर व मग उंचीवर तपासले तर सरावामुळे होणारी सुधारणा न्यूनतेची हानी झाकून टाकते. क्रम उलटसुलट केला पाहिजे, आणि मुखवट्यातून येणारी हवा साधी की कमी प्राणवायूची हे प्रयुक्त व्यक्तीला कळता कामा नये. डोंगरावर ही दुसरी अट पाळणे अशक्यच असते.

मोजणीच्या इतर साधनांविषयी थोडक्यात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वावरचे, बोटाला लावावयाचे संपृक्ततामापक आता घराघरांत पोहोचले आहे. परंतु बोट म्हणजे मेंदू नव्हे, आणि बोटातील आकडा रक्तातील बदलाच्या मागून येतो. काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे उपकरण संपृक्तता खरीपेक्षा जास्त दाखविण्याची शक्यता अधिक असते, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या आकड्यांवरून पुन्हा पुढे आले. आपल्याकडील अभ्यासकांनी ते दृष्टिआड करू नये. अवरक्त किरणांलगतचा प्रकाश कवटीतून आरपार जातो हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखविल्यापासून मेंदूच्या पृष्ठभागातील रक्ताची संपृक्तता कपाळावरूनच अजमावता येते. त्यात कातडीतील रक्ताची भेसळ होते एवढे लक्षात ठेवावे. चुंबकीय अनुनादाने मेंदूच्या क्रियेची जी रंगीत चित्रे काढतात ती मुळातच प्राणवायुरहित हीमोग्लोबिनच्या चुंबकीय गुणावर आधारलेली आहेत. ज्या द्रव्याच्या प्रमाणावर मोजणी उभी आहे तेच द्रव्य न्यूनतेत सर्वत्र वाढलेले असल्यामुळे, चित्रातील फरक मज्जापेशींच्या कार्यातला की नुसत्या रक्तातला हे सांगणे फार कठीण होते. साधन जितके दिखाऊ तितका हा प्रश्न कमी विचारला जातो, असा अनुभव आहे.

दीर्घकाल उंचीवर राहणाऱ्यांचे काय? भारताच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. १९६२ च्या युद्धानंतर मैदानी प्रदेशातील सैनिक मोठ्या संख्येने हिमालयात ठेवावे लागले. पुण्यासारख्या सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणचा मनुष्य विमानाने काही तासांत लेहला पोहोचतो. शर्मा, मल्होत्रा व भास्करन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मैदानी तरुणांची हात व डोळे यांच्या समन्वयाची कसोटी ४,००० मीटरांवर दोन वर्षे वेळोवेळी घेतली होती. पहिल्या काही महिन्यांत क्षमता घसरली, पुढे काही अंशी सुधारली. शरीर उंचीला सरावते, रक्तातील हीमोग्लोबिन वाढते. मेंदूचे सरावणे मात्र तितके सरळ दिसत नाही.

गिर्यारोहकांच्या अभ्यासाने तर एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. १९६३ साली एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून चढून गेलेले भूलतज्ज्ञ टॉमस हॉर्नबीन यांनी १९८९ साली आपल्या सहकाऱ्यांसह गिर्यारोहकांच्या, तसेच १९८५ च्या 'ऑपरेशन एव्हरेस्ट द्वितीय' या दाबकोठडीतील प्रयोगात सहभागी झालेल्यांच्या, परतल्यानंतरच्या कसोट्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दृश्य स्मृती व भाषा यांत सौम्य घट आढळली. आपली अपेक्षा अशी असते की, ज्यांचे श्वसन उंचीवर जोमाने वाढते त्यांच्या रक्तात प्राणवायू अधिक राहील व त्यांचा मेंदू सुरक्षित राहील. आढळले ते उलट : ज्यांचे श्वसन अधिक जोमाने वाढत होते त्यांच्यातच हानी अधिक दिसली. स्पष्टीकरण असे देण्यात आले की, अतिश्वसनाने कार्बन डायऑक्साइड धुऊन गेल्यामुळे मेंदूच्या रोहिण्या आकुंचित झाल्या, आणि रक्तात प्राणवायू जास्त असूनही मेंदूपर्यंत तो कमी पोहोचला. चढण्यास समर्थ असणे आणि मेंदू शाबूत राहणे यांत अशी तडजोड असावी हे चमत्कारिक आहे, पण कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा वर जेथे सोडला होता तेथेच आपण पुन्हा येऊन पोहोचतो. लेखातील मंद लहरींचा अर्थ लावताना जो वायू गोंधळ माजवितो तोच येथे प्रत्यक्ष हानीत भागीदार ठरतो.

वैमानिकांच्या प्रशिक्षणात दाबकोठडीत बसवून वजाबाकी करावयास किंवा सही करावयास देतात. अक्षर वाकडे होत जाते, आणि नंतर ते स्वतःचे अक्षर पाहून मनुष्य चकित होतो. प्रत्येकाची लक्षणे निराळी असतात, म्हणून ज्याने त्याने आपली ओळखून ठेवावी हा त्यामागील हेतू. पण जी ओळखावयाची ती त्याच मेंदूने, ही अडचण यातून जात नाही, आणि २५,००० फुटांवर कामाची शुद्ध तीन ते पाच मिनिटेच टिकते. शिवाय प्राणवायू पुन्हा दिल्यावर रक्तातील संपृक्तता एकदोन मिनिटांत पूर्ववत झाली तरी प्रतिक्रियाकाल त्यानंतरही बराच काळ लांबलेला राहतो, असे काही प्रयोगांत दिसले आहे. बोटावरील यंत्र 'ठीक' म्हणते तेव्हा मेंदू ठीक झालेला असेलच असे नाही. म्हणून शिरस्त्राणात बसविलेल्या विद्युत्-अग्रांनी लहरी वाचून धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचे प्रयत्न चालू आहेत. त्यांतील खरी अडचण व्यक्तिभेदाची आहे. एकाच संपृक्ततेला एकाच्या लेखात थीटा लहरी भरून येतात, दुसऱ्याच्या लेखात काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्याची कसोटी मात्र पहिल्याइतकीच बिघडलेली असते. सर्वांना लागू पडणारी एक मर्यादारेषा आखणे आजवर साधलेले नाही. प्रत्येक व्यक्तीचा सपाटीवरील लेख आधी घेऊन त्याच्याशीच तुलना करणे हा सध्या तरी त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे, आणि त्यासाठी लागणारे आठ-दहा विद्युत्-अग्रांचे साधे उपकरण आपल्या बहुतेक मानसशास्त्र व शरीरशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहे.